आप्पांच्या पेशींना शिस्त लावायला सांगलीला

हल्ली आमच्या भागातली माणसं कुठंही फिरायला जातात. कोण केरळला, कोण दुबईला. आमच्या कंपनीतला एकजण व्हिएतनामला जाऊन आला आणि आठवडाभर तिथल्या भातावर बोलत होता. मी गेल्या चार-पाच महिन्यांत पुन्हा पुन्हा सांगलीला गेले. तिथं समुद्र नाही, बर्फ नाही आणि मी ज्या इमारतीत बसायचे तिच्यासमोर उभं राहून कुणी फोटो काढत नाही. तरी लिहिते, कारण मी जे बघितलं ते दुबईच्या तिकिटात मिळत नाही. ज्यांना असं जावं लागलं नाही त्यांनी घरी बसून वाचावं, आणि त्यांना जावं लागूही नये.

मी शिरवळला औषधाच्या एका कंपनीत तपासणी विभागात आहे. आमच्या सगळ्या भावकीत कॉलेजात जाऊन पदवी घेऊनच बाहेर पडलेली मी पहिली. हे सांगते, कारण सांगण्यासारखं आहे. तोटा एवढाच की तेव्हापासून कुणाला ताप आला, म्हशीनं वैरण सोडली किंवा विहिरीवरची मोटर जळाली तरी फोन मला येतो. म्हशीबद्दल मला काही कळत नाही असं सांगितलं तर म्हणतात, मग शिकलीस काय?

तर आमच्या आप्पांना, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांना, ल्युकेमिया झाला तेव्हा तो मोटरसारखाच माझ्या नावावर टाकण्यात आला. आप्पा लष्करातून हवालदार होऊन निवृत्त झालेले. कराडजवळ ऊस आणि दोन म्हशी. मुलगा फौजेतच, लांब उत्तरेला. मग पेशंटबरोबर जायचं कुणी? शिकलेलीनं.

माझ्यावर जबाबदारी टाकताना भावकीनं एक ठरावही केला. आप्पांसमोर रोगाचं नाव काढायचं नाही. विचारलं तर अशक्तपणा सांगायचा. मला काकीनं देवासमोर उभं करून शपथ घातली. दवाखान्याच्या दारावर 'कर्करोग विभाग' अशी हातभर पाटी आहे. पहिल्या दिवशी आमचे दाजी, म्हणजे आप्पांचे जावई, त्या पाटीकडं पाठ करून उभे राहिले आणि आप्पा आत जाईपर्यंत हवापाण्यावर बोलत राहिले. दाजींची उंची पाटीच्या निम्म्यापर्यंतही येत नाही.

ही चौथी खेप. महिन्यातून सात सुया, रोज एक, पोटाच्या कातडीखाली. चौथ्या खेपेनंतर हाडातला मगज काढून बघायचा. औषध लागू पडलं असेल तर पुढं चालू, नसेल तर, डॉक्टरीणबाई मला एकटीला म्हणाल्या, हातात फारसं काही उरत नाही. आणि आप्पांनी निघण्याआधीच जाहीर केलं होतं की ही शेवटची. तीन महिने सुया घेऊन रक्त वाढायचं सोडून आणखी कमी झालं, मग असलं औषध काय कामाचं?

कराड

शिरवळहून खंबाटकीचा घाट ओलांडून मी रविवारी गावी पोचले. घरात मंत्रिमंडळाची बैठक चालू होती. रक्ताचा विषय असल्यामुळं सगळेच जाणकार. एक आत्या बिटावर ठाम, दुसरी शेवग्याच्या पाल्यावर. दाजींचं खतं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान आहे, त्यामुळं त्यांचं शास्त्र माझ्यापेक्षा पुढचं. रोग आला, फवारा मारला, विषय संपला. तीन फवाऱ्यांत जो रोग जात नाही त्यात औषधच बनावट असतं, असं त्यांचं म्हणणं. मी औषधाच्या कंपनीत आहे हे त्यांना माहीत आहे. मुद्दाम माझ्याकडं बघून म्हणाले.

खरी अडचण वेगळीच होती. गावची जत्रा शनिवारी. जत्रेला घरात मटण, शंभर पाव्हणं, आणि कर्ता माणूस दारात उभा नाही हे आमच्याकडं मेल्यावरच चालतं. मी सांगितलं की पाच सुया शुक्रवारपर्यंत घेऊ, शनिवार-रविवार सुटी, उरलेल्या दोन सोमवार-मंगळवारी. असं चालतं, मी डॉक्टरीणबाईंना विचारून ठेवलंय. सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्याकडं माना डोलावल्या म्हणजे ऐकलं असं नसतं.

कराड ते सांगली

आप्पा एसटीत बसतात ते कूच असल्यासारखं. इस्त्रीचा शर्ट, मिशीला कंगवा, तोंडाला मास्क आणि मांडीवर काकीनं दिलेला डबा. बाहेरचं खायचं नाही असा हुकूम होता, कारण रक्तातले पांढरे शिपाई कमी झालेत. वाटेत गाडी थांबली तेव्हा मी मिसळ खाल्ली. आप्पा समोर बसून माझा प्रत्येक घास मोजल्यासारखा बघत होते. शेवटी म्हणाले, "कट कसा हाय?" मी म्हटलं, बरा. म्हणाले, तर्री लाल दिसत्या पण तिखट नसंल, तुझं नाक कोरडं हाय.

कराड सोडलं की डोंगर हळूहळू मागं सरतात आणि जमीन अशी सपाट होत जाते की नजरेला अडायला काही उरत नाही. दोन्ही अंगांना ऊस, मधेच हळदीची काळी रानं. आप्पा खिडकीतून प्रत्येक रानाला शेरा देतात. याचं पाणी जास्त झालंय. यानं सरी अरुंद धरलीय. हा सरकारी नोकर दिसतोय. असं करत सांगली येते.

सातारा आणि सांगली शेजारी जिल्हे, पण माणूस ओळखायची पद्धत वेगळी. साताऱ्याकडं पत्ता विचारला तर आधी विचारतात, कुणाचं तुमी? आजोळ कुठलं? सोयरीक निघाल्याशिवाय रस्ता दाखवत नाहीत. सांगलीत रस्ता लगेच दाखवतात, चार पावलं बरोबरही येतात, पण वाटेत महापूर सांगतात. पाणी इथपर्यंत होतं, इथून नाव चालली होती. दवाखान्याजवळ, विश्रामबाग भागात, आम्ही ज्यांच्याकडं खोली घेतो त्या काकूंनी पहिल्या खेपेला भाडं, पंखा, पाणी यातलं काही सांगायच्या आधी सांगितलं होतं, "आमच्याकडे पूर आला नव्हता हो." त्यांच्या आवाजात जो अभिमान होता तो मी पदवी घेतल्यावर माझ्या आवाजात होता.

विश्रामबाग

दवाखान्यातली सकाळ अशी. पावडरीच्या बाटलीत पाणी घालायचं, हलवायचं, की ताकासारखं पांढुरकं होतं. मग सिस्टर ती भरलेली सुई दोन्ही तळव्यांत धरून वात वळावी तशी वळतात, खाली बसलेलं वर येण्यासाठी. आणि पोटात. आप्पांच्या पोटावर लाल चट्ट्यांचा नकाशा झालाय. रोज जागा बदलायची. आप्पा स्वतःच बोट ठेवून दाखवतात, आज ह्या चौकीवर.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत आणि कमी बोलतात. आप्पांनी त्यांना विचारलं, "म्याडम, तुमी तोफा डागताय त्या शत्रूवर पडत्यात का आपल्यावर?"

"सध्या दोघांवर," त्या म्हणाल्या. "म्हणून रक्त कमी दिसतंय. या औषधाला वेळ लागतो. घाईनं सोडलं तर सगळं वाया जाईल."

आप्पांना हे उत्तर आवडलं, पण पटलं नाही. संध्याकाळी आम्ही कृष्णेच्या घाटावर गेलो. गर्दीपासून लांब, पायरीवर. मी भडंग घेतलं होतं, आप्पांना नुसता वास. चार महिने माझी रोज एक शिकवणी चालायची. आजचा विषय, वेळ का लागतो.

मी सांगितलं ते असं. प्रत्येक पेशीत डीएनए असतो. तो म्हणजे मोठा पाट समजा, आणि त्याच्यावर हजारो दारं, सरीत पाणी सोडायची. प्रत्येक पेशीला सगळं पाणी लागत नाही. डोळ्याच्या पेशीला यकृताचं काम करायचं नसतं. म्हणून नको ती दारं बंद ठेवतात. बंद करायला मिथाइल नावाचं एक बारीकसं रसायन तिथं चिकटतं, चिखलाच्या गोळ्यासारखं. चांगलं आहे, शिस्त आहे. पण तुमच्या रक्तात गोळे भलत्या दारांवर बसलेत. 'आता वाढ थांबव, पिक, कामाला लाग' असं सांगणारी दारंच बंद. म्हणून पेशी कच्च्या राहतात आणि कच्च्याच वाढतात. सगळी बराक रंगरुटांनी भरलीय, परेड कुणाला येत नाही, आणि खऱ्या शिपायाला झोपायला जागा नाही.

रंगरुटांचं आप्पांना फार पटलं. त्यांनी आयुष्यात बरेच सरळ केलेत.

"मग गोळं काढायचं तर चार म्हैनं कशाला?" ते म्हणाले. "आपून रानात एका खोऱ्यात दार फोडतो."

मी म्हटलं, हे औषध जुने गोळे काढत नाही. पेशी एकीची दोन होताना नवा डीएनए तयार होतो, त्यात हे औषध घुसतं आणि गोळे बसवणाऱ्याचा हातच धरून ठेवतं. म्हणजे नवी पेशी जन्मते ती दारं उघडी घेऊन. सगळ्या पेशी एकाच दिवशी फुटत नाहीत, म्हणून रोज रोज सुई. आणि जुन्या जाऊन नव्या येईपर्यंत महिने.

 आप्पा म्हणाले, म्हणजे लागणीला दिसायचं नाही, खोडव्याला दिसेल. ऊस तोडल्यावर बुडख्यातून परत फुटतो तो खोडवा. मी म्हटलं, अगदी तसंच. सबंध कॉलेजात मला कुणी इतक्या कमी शब्दांत शिकवलं नव्हतं, पण हे मी त्यांना सांगितलं नाही. आधीच मिशी वर होती.

एवढं सगळं मी समजावलं. मिथाइल झालं, डीएनए झालं, हाडातला मगज झाला. एका शब्दाला तेवढा वळसा घालून जायचे. काकीची शपथ होती. कॅन्सर सोडून कॅन्सरचं सगळं शिकवायचं, असा अभ्यासक्रम कुठल्या विद्यापीठात नसेल.

जत्रा

शुक्रवारी पाचवी सुई झाली आणि दाजी चारचाकी घेऊन न्यायला आले. मधे ते एकटेच कुठंतरी जाऊन आले, तेव्हा मी खोली आवरत होते. डॉक्टरीणबाईंनी आप्पांना बजावलं. गर्दीत जायचं नाही, मास्क काढायचा नाही, ताजं गरम तेवढंच खायचं, ताप आला तर लगेच फोन, आणि सोमवारी सकाळी इथं. आप्पांनी जवळजवळ सलाम ठोकला.

गावात मांडव, भोंगे, गुलाल. आमच्या घरामागं चुलवणावर मोठी पातेली. आप्पांना मी ओसरीच्या आतल्या बाजूला खुर्चीत बसवलं होतं, उंबऱ्याच्या अलीकडं. पाव्हणा येतो, लांबून हात जोडतो, आप्पा मास्कातून हसतात, ते डोळ्यांच्या सुरकुत्यांवरून ओळखायचं. पण पाव्हण्याला लांबून राम राम पुरत नाही. प्रत्येकाला जवळ येऊन हात दाबून सांगायचं असतं की तुमी काळजी करू नका, आमच्या गावात एकाला असंच झालं हुतं. पुढं त्याचं काय झालं ते सांगायचं कुणी थांबत नाही. मी दारात आडवी उभी राहिले. भावकीत माझं नाव पडलं, संत्री.

दुपारी पहिली पंगत बसली तेव्हा काकीनं दही आणायला पाठवलं. मी फ्रिज उघडला. दह्याच्या पातेल्याशेजारी, वाटलेल्या मसाल्याच्या डब्यावर, दोन भरलेल्या सुया ठेवल्या होत्या. पांढुरक्या. वर टोपणं लावलेली, नीटनेटकी.

मी तिथंच उभी राहून सगळं जुळवलं. मग दाजींना बोलावलं आणि त्यांनी ते आनंदानं कबूल केलं. सांगलीतच त्यांनी आप्पांच्या चिठ्ठीवर उरलेल्या दोन सुयांच्या बाटल्या घेतल्या होत्या. सोमवारी परत फेरा कशाला? गावचा कंपाउंडर म्हशीपासून माणसापर्यंत सगळ्यांना सुई देतो. सकाळी त्याला बोलावून दोन्हींत पाणी घालून घेतलं. आज जत्रेची गडबड, तो फेटा बांधून पालखीत जाणार, संध्याकाळी त्याला पाणी मिसळायला वेळ कुठला? म्हणून आधीच भरून ठेवल्या. एक आज, एक उद्या. "पंपात औषध कालवून ठेवल्यागत," दाजी म्हणाले. "सावलीत ठेवलं म्हंजे झालं."

मी तीन वर्षं रोज औषधं तपासते. मी सांगितलं की हे औषध पाण्यात पडलं की मोडायला लागतं. बाहेर तासाभरात संपतं, फ्रिजमध्ये थोडं जास्त टिकतं, पण उद्यापर्यंत त्यात पाण्याशिवाय काही राहणार नाही. आणि हे उघड्या हातानं, मसाल्याशेजारी ठेवायचं औषध नाही. मी दोन्ही सुया जाड डब्यात घातल्या, त्यावर पिशवी, दवाखान्यात परत द्यायला. दाजींचं तोंड उतरलं. पंगतीतली माणसं घास थांबवून आमच्याकडं बघत होती. कंपाउंडर गुलाबी फेट्यात दारात उभा राहून म्हणाला की त्याच्या सुईनं आजवर एक जनावर दगावलं नाही.

हे सगळं आप्पा खुर्चीतून ऐकत होते.

"बरं झालं," ते म्हणाले. "देवानंच पाचावर थांबवलं. पाच काय आन सात काय. सोमवारी मी येत न्हाई."

मी म्हटलं, "आप्पा, न्हाई चालायचं."

"न्हाई आलो तर काय व्हईल?"

काकी पुढं आली. आत्याही. दाजींनी लगेच सुरुवात केली की काय होत नाही, अशक्तपणा आहे नुसता, बीट आणि शेवगा चालू ठेवला तर... आप्पांनी त्यांच्याकडं बघितलंही नाही. माझ्याकडं बघत होते. काकीनं माझा हात धरला, तोच, देवासमोर धरलेला.

मी हात सोडवून घेतला.

"कॅन्सर हाय, आप्पा," मी म्हटलं. "रक्ताचा. हे औषध सोडलं तर त्यो वाढंल. घेतलं तर थांबंल का न्हाई ते मला म्हाईत न्हाई. बाईंनाबी न्हाई. पण सोडलं तर काय व्हईल ते म्हाईत हाय."

बाहेर हलगी वाजत होती. काकी खाली बसली.

आप्पांनी मास्क वर ओढून घेतला. "चार म्हैनं त्या पाटीखालनं आत जातुया," ते म्हणाले. "दाजी केवढा, पाटी केवढी. मला वाचता येतंय की गं. बघत हुतो, माझ्या घरातलं कोन बोलतंय."

"मग तुमीच का न्हाई इचारलं?"

"मोर्च्यावर धाडताना कुठला मोर्चा हाय ते वरच्यानं सांगायचं असतंय. शिपायानं इचारायचं नसतंय." मग काकीकडं वळून म्हणाले, "रडू नगं. पाव्हणं ताटावर हायती. रस्सा वाढ."

आणि मला, जशी काही मी दही आणायला विसरले होते तसं, "सोमवारी कितीला निघायचं?"

परत विश्रामबाग

सोमवारी गेलो, मंगळवारी गेलो. सहावी आणि सातवी सुई नीट झाली. तो डबा मी सिस्टरांच्या ताब्यात दिला आणि कुणी, कसं, का हे विचारल्यावर घरात जत्रा होती एवढंच सांगितलं. त्या साताऱ्याकडच्याच निघाल्या, घरातली जत्रा कशी असते ते त्यांना ठाऊक. पुढं काही विचारलं नाही. या वेळी आप्पा पाटीसमोर थांबले, सगळी वाचली, खालच्या बारीक अक्षरांसकट, आणि मग आत गेले.

आम्ही पुन्हा गेलो ते तीन आठवड्यांनी, कमरेच्या हाडातून मगज काढायला आणि नंतर निकालाला. डॉक्टरीणबाईंनी कागद आप्पांच्याच पुढं ठेवला. कच्च्या पेशी आहेत, पण निम्म्याहून कमी झाल्यात. पिकलेल्या दिसायला लागल्यात. रक्त अजून कमीच आहे, ते हळूहळू येईल. औषध लागू पडतंय, चालू ठेवायचं.

"कुठवर?" आप्पांनी विचारलं.

"चालेल तोवर. बंद केलं की ती दारं परत बंद व्हायला लागतात." दारांचं बाईंना मीच सांगितलं होतं.

मी मागं राहून त्यांना विचारलं, साधारण किती दिवस? त्या म्हणाल्या, दर खेपेला बघत जाऊ. आकडा दिला नाही. मीही दुसऱ्यांदा विचारला नाही.

बाहेर आले तर आप्पा लिंबाखालच्या बाकावर बसून फोनवर दाजींशी बोलत होते. उसाची रोपं सांगून ठेवायची होती. पलीकडून दाजी काहीतरी समजावत होते, बहुतेक सुरू उसाचं, उशिरा लावायचा आणि वर्षात मोकळा होतो तो. आप्पा ऐकून घेत होते, मग म्हणाले, "न्हाई. आडसाली. आखाडात लावायची. रोपं चांगली दे, उगा माझ्या माथी काडं मारू नगं."

आडसाली ऊस आखाडात लावला की तोडीला यायला दीड वर्ष जातं.

त्यांनी फोन खिशात घातला आणि माझ्याकडं बघितलं. "काय गं, शास्त्र काय म्हनतंय तुझं?"

माझ्याजवळ पदवी होती, हातात कागद होता, आणि सांगण्यासारखं बरंच होतं.

"हिरीला पाणी हाय न्हवं?" मी म्हटलं. "मग लावा की."